गच्चीची किल्ली

रविवारी सकाळी साडेदहाला कुणी सोसायटीची मीटिंग ठेवतं का? पण नोटीस बोर्डावर लाल अक्षरांत 'अर्जंट' लिहिलं होतं आणि आईने माझी चादरच ओढली. डोळे चोळत पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले.

टेबलावर मुद्देमाल मांडला होता. एक वेप, रोलिंग पेपरचं पाकीट आणि सिगरेटची सात-आठ थोटकं. वॉचमनला गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे सापडलेली. चेअरमनकाकांचा निकाल तयारच होता: गच्चीला कुलूप, जिन्यात कॅमेरा आणि 'त्या' मुलांच्या घरी नोटीस. 'त्या' म्हणजे कोण? सगळ्यांच्या नजरा सी विंगकडे. तिथे भाडेकरू जास्त ना!

माझी झोप खाडकन उडाली. कारण 'त्या' मुलांपैकी एक सी विंगमधला नव्हता. तो ए विंगमधला, दहावीतला, माझा सख्खा मामेभाऊ. आदल्याच आठवड्यात मी त्याला जिन्यात पकडून फुल टू ताईगिरी केली होती. सगळं ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, "ताई, तू पण टपरीवर ओढतेस ना? मी क्लासला जाताना रोज बघतो."

बोलती बंद!

खरं सांगा, तुमची पण टपरी असेलच. चहा, सुट्टा आणि बॉसच्या नावाने शिमगा. नोकरी सोडून फ्रीलान्सिंगला लागले, तरी माझी ही सवय काही सुटली नाही. आमची टपरी शाळेच्या गेटच्या अगदी समोर. 2003 च्या कायद्यानुसार शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकताच येत नाही. वेपवर तर 2019 पासून देशभर बंदी आहे. म्हणजे कायदे सगळे जागच्या जागी. फक्त त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. मलाही नव्हता.

मध्यंतरी एका लेखासाठी आइसलँडबद्दल वाचलं होतं. 1998 मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं गेल्या महिन्यात दारू पिऊन टुन्न झाल्याचं सांगत होती. 2016 मध्ये हा आकडा 5 टक्क्यांवर आला. रोज सिगरेट ओढणारे 23 टक्क्यांवरून 3 वर. कसं? नुसत्या 'नशा वाईट' छापाच्या पोस्टरबाजीने नाही. ठरावीक काळाने मुलांनाच निनावी प्रश्नावली द्यायची, त्याचे निकाल शाळा आणि पालकांसमोर ठेवायचे. खेळ, संगीत, नाच यांच्यासाठी सरकारने पैसे द्यायचे. रात्री उशिरा मुलं एकटी बाहेर राहणार नाहीत, हे पालकांनी आपसात ठरवायचं. वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून सगळ्यांच्या पोरांकडे बघायचं. आता आइसलँड म्हणजे चार लाखांच्या आत लोकसंख्या, त्यात पैसेवाला देश. आपल्याकडे सगळं जसंच्या तसं जमणार नाही, मान्य. पण शेवटच्या गोष्टीला कुठे पैसे लागतात?

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "काका, कुलूप लावलंत तर पोरं मागच्या अर्धवट बिल्डिंगमध्ये जातील. तिथे तर वॉचमनही नाही. त्यापेक्षा गच्ची उघडी ठेवू. संध्याकाळी रोज दोन मोठी माणसं पाळीपाळीने वर बसतील. क्लबहाउसमधलं धूळ खात पडलेलं टेबल टेनिसचं टेबल वर नेऊ. आणि टपरीबद्दल सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज देऊ."

"आणि नोटिसा?" एक काकू.

घशाला कोरड पडली. आई तिसऱ्या रांगेत होती.

"नोटीस द्यायची तर आमच्या घरीही द्या. त्यातली दोन-तीन थोटकं माझी आहेत."

पार्किंगमध्ये पिनड्रॉप सायलेन्स. आईकडे बघायची हिंमतच झाली नाही. मग तिचाच आवाज आला, "गच्चीची किल्ली आमच्याकडे राहू दे. सोमवारी मी बसेन."

घरी आल्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, हेही सांगायला हवं. मामे-भावाचं नाव मी मीटिंगमध्ये घेतलं नाही. पण मामीला घरी जाऊन सांगितलं, तो समोर असताना. मामी रडली, मामा ओरडला. मग तिघं शाळेच्या काउन्सेलरकडे गेले. गरज पडली तर येरवड्याचं 'मुक्तांगण' आहेच. 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय.

या गोष्टीला तीन महिने झाले. सगळं आलबेल आहे असं नाही. पाळीच्या यादीत चौदा नावं आहेत, येतात सहा-सात. टपरी अजून तिथेच आहे, अर्जाला उत्तर नाही. दुसरा अर्ज तयार आहे. पण टीटीच्या टेबलाभोवती सी विंगची पोरंही असतात आणि चेअरमनकाकांचा बॅकहँड सॉलिड आहे, हे नवीनच कळलं.

मी सिगरेट सोडून एकेचाळीस दिवस झाले. अधेमधे दोनदा घसरले, म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दर सोमवारी गच्चीवर भाऊ विचारतो, "ताई, किती?"

मी आकडा सांगते. मग त्याला विचारते, "तुझा?"