मोटारीतले घड्याळ

सातवीतला एक मुलगा बकरी ईदनंतर शाळेत आलाच नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागली, तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो. ('आम्ही' म्हणजे एकटेच. घरी उर्दूत 'हम' म्हणायची सवय मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी समजून घ्यावे.) त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. अम्मी दारातूनच म्हणाली, "सर, वो मीटरवाले उस्ताद के पास बैठता है. सनीचर को दो सौ रुपये लाता है."

आमचे हिंगणघाट कापसाचे गाव. नागपूर-हैदराबाद रस्ता इथूनच जातो, त्यामुळे ट्रकांचे मीटर, डायनामो, वायरिंग दुरुस्त करणाऱ्यांच्या टपऱ्या आल्याच. उस्तादांची टपरी त्यातलीच एक. जाताना आम्ही मनातल्या मनात भाषण तयार केले होते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाचे मूल शाळेतच हवे. बालकामगार कायद्यातली २०१६ ची दुरुस्ती. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा. बी.एड. झालेल्या माणसाला कलमे बरी पाठ असतात.

पण तिथे पोहोचलो आणि भाषण घशातच राहिले. टपरीसमोर एक म्हातारी शेव्हरलेट उभी होती, १९५१ चे मॉडेल. त्या काळी जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला होता. १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला. एका जिनिंगवाल्या घरातली ही गाडी. नातवाने हौसेने इंजिन चालू करून घेतले होते. तो म्हणाला, "सर, गाडी धावते आता. पण आजी म्हणते, घड्याळ बंद आहे तोवर गाडी सुधरली असं मी मानत नाही. आबाजी त्यातच पाहून जिनात जायचे."

ते घड्याळ डॅशबोर्डमधून निघून स्टुलावर आले होते आणि आमचा विद्यार्थी चिमटा धरून त्यावर वाकला होता. आम्ही आलेलो त्याला कळलेसुद्धा नाही. वर्गात पाच मिनिटे एका जागी न बसणारा हा मुलगा!

उस्तादांनी आम्हाला बाकावर बसवले आणि घड्याळ समजावून सांगितले. त्याला रोज चावी द्यावी लागत नाही आणि आजच्या सेलच्या घड्याळासारखेही ते नसते. आत छोटी स्प्रिंग असते, ती एक-दोन मिनिटांतच उलगडते. उलगडली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, गाडीच्या बॅटरीचा करंट कॉइलमध्ये शिरतो, कॉइल चुंबक होऊन एक दांडी झटक्याने ढकलते, स्प्रिंगला पुन्हा चावी बसते आणि पॉइंट सुटतात. 'टक्' असा आवाज होतो. पुन्हा एक-दोन मिनिटांनी टक्. घड्याळ स्वतःच स्वतःला चावी देत राहते.

मग बिघडते कसे? गाडी उभी राहते, बॅटरी उतरते. पॉइंट टेकतात, पण दांडी हलवण्याइतका जोर करंटमध्ये उरत नाही. पॉइंट टेकलेलेच राहतात, कॉइल तापत जाते आणि शेवटी जळते. म्हणून अशा काही घड्याळांत कथलाचा एक नाजूक सांधा मुद्दाम ठेवलेला असतो. उष्णतेने आधी तो वितळतो, करंट तुटतो आणि कॉइल वाचते. "इसका टाँका गया है, कॉइल ज़िंदा है," मुलगा मान वर न करता म्हणाला.

पॉइंट काजळले होते. ते घासायला अगदी बारीक कानस हवी होती आणि उस्तादांकडची जाडी होती. तशी कानस कुठे आहे हे आम्हाला ठाऊक होते. आमचे अब्बा जिनिंग फॅक्टरीत फिटर. त्यांची हत्यारांची पेटी ते गेल्यापासून माळ्यावर पडून आहे. लहानपणी आम्ही तिला हात लावला की ते ओरडायचे, "हाथ काले मत कर, किताब पकड़." आम्ही किताब पकडली, नोकरीला लागलो. अब्बांचे हात काय करत होते ते मात्र कधी शिकलो नाही.

घरी जाऊन कानस घेऊन येताना बी.एड.ची परीक्षा आठवली. 'वर्धा शिक्षण योजना' हा हमखास येणारा प्रश्न. आपल्याच जिल्ह्याची गोष्ट, म्हणून आम्ही उत्तर चांगले घोटले होते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले, असे ठरले. आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसैन. तेव्हा ते जामिया मिल्लियाचे प्रमुख होते. पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. मग राजकारण आले. मुस्लिम लीगने योजनेवर टीका केली, आपल्या मध्य प्रांतात शाळांच्या 'विद्यामंदिर' या नावावरून वाद पेटला. त्या गदारोळात हात आणि पाटी यांचे नाते बाजूलाच राहिले. आम्ही हे सगळे कागदावर लिहून गुण मिळवले, हातात पेचकस न धरता.

परत आलो तेव्हा मुलगा ग्लास धूत होता. आता आमचे नीट लक्ष गेले. चहा आणणे, ट्रकखाली शिरून वायर ओढणे, टपरी झाडणे, हे सगळे त्याच्याकडेच होते. घड्याळ महिन्यातून एखादेच येत असेल. आम्ही उस्तादांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मास्टरसाब, मैंने काम पे नहीं रखा, सीखने बैठता है." आम्ही म्हणालो, "उस्ताद, घड्याळ खोलतो ते शिकणे. ग्लास धुतो ती मजुरी. त्याचेच दोनशे मिळतात ना?"

उस्ताद गप्प झाले. आम्हालाही आमच्या शब्दांची धार बोचली. पण हे बोलायलाच हवे होते. झाकीर हुसैन समितीने आपल्याच अहवालात हा धोका सांगून ठेवला होता: कमाईच्या बाजूवर भर गेला, तर शिक्षणाचा हेतूच मागे पडेल. हुनर चांगला, पण मूल त्याच्यासाठी विकायचे नसते.

बऱ्याच वेळाने उस्तादांनी गाडीमालकाच्या फोनवरचा एक नकाशा आमच्यापुढे धरला. इंग्रजीत छापलेला. "ये क्या लिखा है?" आम्ही वाचले, 'रेग्युलेटर'. म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हते. त्यांना शब्द वाचता येत नव्हता, पण ऐकताच त्यांनी मागची छोटी दांडी दाखवली. घड्याळ पुढे-मागे चालत असेल तर ती सरकवायची. एका शब्दासाठी दोन माणसे लागली. उस्ताद म्हणाले, "तीस साल अंदाज़े पे निकाले मैंने. ले जाओ इसको. पढ़ेगा तो अंदाज़े से छूटेगा."

नेणे सोपे, पण घरातले दोनशे रुपये कुठून येणार? पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२ मध्ये केंद्राने बंद केली. मोफत शिक्षण आहे, मग शिष्यवृत्ती कशाला, असे कारण दिले. मोफत शाळेत येण्यासाठीही घरात चूल पेटावी लागते. आम्ही अम्मींना घेऊन संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला. चार हेलपाटे झाले. पैसे सुरू होईपर्यंत आम्ही आणि दोन सहकाऱ्यांनी घर सांभाळले. त्यात मोठेपणा नाही. पंधरा दिवस चौकशी न केल्याची ती भरपाई होती.

मुलगा वर्गात परतला त्या आठवड्यात गणितात 'निस्बत व तनासुब' चालू होते, म्हणजे गुणोत्तर आणि प्रमाण. मागच्या चाचणीत याच धड्यात त्याला शून्य होते. आम्ही मालकाची परवानगी काढून घड्याळ एका दिवसासाठी शाळेत आणले. जुन्या मोटारसायकलच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर ते चालते. मूळ गाडीही सहा व्होल्टचीच. त्याला पुढे उभे केले. तो म्हणाला, "बड़ा काँटा बारह चक्कर मारता है तो छोटा एक. एक चक्र से नहीं होता, बीच में दूसरा लगता है. पहले तीन में एक, फिर चार में एक. तीन चोक बारह." वर्गाने टाळ्या वाजवल्या. आम्ही फळ्यावर १२ : १ लिहिले आणि निस्बत या शब्दाचा दुसरा अर्थही सांगितला: नाते.

घड्याळ आता शेव्हरलेटमध्ये आहे. दिवसाला चार मिनिटे पुढे जाते म्हणून आजींनी परत पाठवले होते. ती दांडी आमच्या विद्यार्थ्यानेच सरकवली. तो आठवीत गेला आहे. टपरीवर फक्त रविवारी जातो, दोन तास, आणि ग्लास उस्ताद स्वतः धुतात. अब्बांची पेटी माळ्यावरून खाली आली आहे. रविवारी ती उचलून आम्हीही जातो आणि बाकावर बसतो. परवा पहिल्यांदा एक टाका आम्ही स्वतः लावला. वाकडा लागला. घरी आल्यावर साबणाने हात धुतले, पण बोटांवरचा काळेपणा तेवढ्याने गेला नाही.