वस्तऱ्याची धार

मागील दिवाळीच्या सुटींत मी नांदेडहून लातुरास आजोबांकडे गेलों होतों. त्यांच्याजवळ शिंगाच्या मुठीचा एक जुना वस्तरा आहे. निजामाच्या राजवटींत पणजोबांनीं तो लातूरच्या गंजगोलाईंत विकत घेतला. पात्याच्या बुडाशीं इंग्लंडांतील शेफील्ड या शहराचें नांव कोरलेलें आहे. अमेरिकेंतील जिलेट यांनीं बदलत्या पात्याचा वस्तरा १९०३ मध्यें विक्रीस आणला व हळूहळू तोच घरोघरीं झाला. रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांच्या भयानें आज नाभिकहि दर गिऱ्हाइकास नवें पातें लावितात. आजोबांनीं मात्र आपला वस्तरा सोडला नव्हता.

त्या सुटींत तो पेटींत पडलेला दिसला. मीं कारण विचारलें. आजोबा म्हणाले, “बाळ, हात थरथरतो आतां. उन्हाळ्यांत तो माझ्या हातून कोठें तरी आपटला असावा. धारेस दांता पडला, आणि मला कळलेंहि नाहीं. असला हात गळ्याशीं नेऊं नये.”

माझें काळीज चरकलें. तो दांता मींच पाडिला होता! उन्हाळ्याच्या सुटींत त्या वस्तऱ्यानें मीं गुपचूप बांबूची कामटी तासली, आणि पुसून तो जागच्या जागीं ठेवून दिला होता.

रात्रभर झोंप आली नाहीं. सकाळीं सर्व सांगून टाकिलें. आजोबा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “माळ्यावरचे दोन्ही दगड आण.”

प्रथम खरबरीत दगड पाण्यानें भिजविला. वस्तऱ्याची पाठ व धार एकाच वेळीं दगडास टेकलीं पाहिजेत. पाठीच्या जाडीनेंच धारेचा कोन साधतो. पातें धारेच्या अंगानें पुढें न्यावयाचें, शेवटीं पाठीवर उलटवून परत आणावयाचें, आणि हाताचा भार मुळींच द्यावयाचा नाहीं. मी उतावळेपणानें दांत्याचीच जागा घासूं लागलों, तेव्हां त्यांनीं माझा हात धरिला. “तेथेंच घासलेंस तर खळगा पडेल. दांता घालवावयाचा, तर सबंध धार त्याच्या तळापर्यंत झिजविली पाहिजे.”

त्यास तीन दिवस लागले. मग बारीक दगड, आणि शेवटीं खुंटीस अडकविलेला चामड्याचा पट्टा. येथें चाल उलट: पाठ पुढें, धार मागें. पट्टा सैल राहिला तर धार गोल होते. हें सर्व आजोबा लहानपणीं, धोपटी घेऊन घरीं येणाऱ्या नाभिकाजवळ बसून शिकले होते. मुठीची ढिली पितळी खीळहि त्यांनीं हलक्या हातोडीनें बसवून दाखविली.

चवथ्या दिवशीं वस्तऱ्यानें मनगटावरील केस अलगद उतरविला. आजोबा आरशासमोर बसले. डाव्या हातानें गालाची कातडी ताणून त्यांनीं सावकाश दाढी केली. हात किंचित् थरथरत होताच. पण रक्ताचा एक थेंबहि आला नाहीं. नंतर पातें कोरडें करून, त्यावर तेलाचें बोट फिरवून, त्यांनीं तो माझ्या हातीं दिला. “नीट ठेव. उद्यां सकाळीं पुन्हां लागेल,” ते म्हणाले.

बालमित्रहो, तें पातें आतां पूर्वीपेक्षां जरासें अरुंद झालें आहे. तें पाहिलें म्हणजे मला दांत्याहून अधिक आजोबांचे ते शब्द आठवतात. माझी चूक मीं लपविली, आणि तिचा दोष त्यांनीं सहा महिने स्वतःच्या हाताकडे घेतला होता.