डाव्या हाताची कल्हई

अहिल्यानगर–बीड रेल्वे 17 सप्टेंबर 2025 ला सुरू झाली, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच. आमचे अण्णा असते तर हट्टाने पहिल्या गाडीत बसले असते. मी दिवाळीच्या तोंडावर निघालो, मांडीवर त्यांचं पितळी पातेलं घेऊन.

कड्याला सीताफळांच्या पाट्या चढल्या, डबाभर गोड वास सुटला. बाहेर तूर, बाभळी, पुढे बालाघाटाच्या उघड्या टेकड्या. जिल्ह्याची हद्द मागेच गेली होती. मला कळलीही नाही. अण्णांच्या तरुणपणी ही हद्द ओलांडायला छाती लागायची. अलीकडे स्वतंत्र भारत, पलीकडे मोगलाई, निजामाचं राज्य. तिकडे हाली सिक्का चालायचा आणि वाटेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका असायचा.

1948 च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांचे अण्णा सरहद्दीवरच्या मुक्तिसंग्रामाच्या कॅम्पातून पत्रकं घेऊन गावाकडे निघाले. पत्रकं भाकरीच्या गाठोड्यात होती. नाक्यावर निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गाठोडं सोडलं. त्यांच्यातल्या एका डावखुऱ्या पोराने काठीने अण्णांचं कोपर फोडलं. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17 ला निजाम शरण आला. आमच्याकडे या पोलीस ॲक्शनला नुसतं ‘ॲक्शन’ म्हणतात.

बारा वर्षांनी बीडच्या बाजारात अण्णा हेच पातेलं कल्हईला घेऊन गेले. कल्हईवाल्याने भाता मारला, पातेलं तापवलं, नवसागर टाकला. पांढरा धूर उठला. कथील टेकवून त्याने कापसाचा बोळा फिरवायला घेतला, डाव्या हाताने. अण्णांनी विचारलं, “नाक्यावर तूच होतास ना?”

त्याने पातेलं खाली ठेवलं नाही. कथील थिजलं असतं. बोळा पुरता फिरवून झाल्यावर म्हणाला, “होतो, भाऊ.” मग त्याने आपलं सांगितलं. ॲक्शननंतरच्या आठवड्यात त्याचा थोरला भाऊ रानात गेला, तो परत आला नाही. त्या भावाने कधी काठी हातात धरली नव्हती.

अण्णा तिथेच बसले. दोघांनी चहा घेतला. पुढे दर दिवाळीला आमची भांडी त्याच्याकडेच जायची.

रझाकारांचे जुलूम आम्ही शाळेत शिकलो. ॲक्शननंतर मुसलमानांवर काय गुदरलं, ते शिकलो नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच हिवाळ्यात संस्थानात फिरून ते लिहून ठेवलं. त्यात बीडचंही नाव आहे. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढे आला नाही. अण्णा मात्र दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगायचे. एक सांगून उठायचे नाहीत. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं धाडस मला नाक्यावरचं वाटत नाही, हे वाटतं.

बिंदुसरेजवळच्या बोळात त्या कल्हईवाल्याचा मुलगा आता गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. पातेलं पाहताच त्याने ओळखलं. “दादा, कथील मिळतं अजून,” म्हणाला आणि माळ्यावरून वडिलांचा भाता काढला. चामडं फाटलं होतं. “शिवून घेतो. पातेलं राहू द्या इथंच.”

बीड, आष्टी, पाटोद्याकडे तुमच्या घरात नव्वदी ओलांडलेलं कुणी असेल, तर येत्या सप्टेंबरची वाट पाहू नका. आजच जवळ बसा. नाक्याचं विचारा, आणि ॲक्शननंतरच्या आठवड्यांचंही विचारा.