फुलपाखरांचा हुंडा

फुलपाखरू म्हणजे रिकामटेकडा जीव, अशी माझी जन्मभराची समजूत होती. आमच्या कचेरीत एखादा तरुण कारकून अत्तर लावून, रंगीत बुशकोट घालून आला की आम्ही त्याला 'फुलपाखरू' म्हणत असू. पेन्शनीत निघाल्यावर चार पुस्तके चाळली, तेव्हा कळले की त्या बिचाऱ्या प्राण्यावर आम्ही केवढा अन्याय केला होता!

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही उभयता बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत सोंडा खुपसून पिवळसर फुलपाखरांचा थवा बसला होता.

"चिखलात काय ठेवलंय मेल्यांना?" सौभाग्यवतीने विचारले. मला तेवढेच हवे होते.

"मीठ! आणि ही मंडळी बहुतेक सगळे नर. बाजारहाट चाललाय त्यांचा."

मग मी व्याख्यानच दिले. मीलनाच्या वेळी नर मादीला बीजाबरोबर पौष्टिक द्रव्यांची एक पुडीच देतो. काही जातींत चिखलातले मीठही अशा रीतीने तिच्याकडे जाते. युरोपात हिरव्या शिरांचे एक पांढरे फुलपाखरू आहे. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्या नराची पहिली पुडी त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के भरते. म्हणजे माझ्यासारख्या ६० किलोच्या गृहस्थाने बोहल्यावर चढताना ९ किलोंचा ऐवज अंगातून काढून द्यायचा! लगेच दुसरी जोडी जमली तर पुडी लहान निघते. कोठार भरायला वेळ लागतो. ज्या मादीला अशा पुड्या अधिक मिळतात ती अंडी जास्त घालते, जगतेही जास्त.

नर म्हणजे कोणी दानशूर कर्ण नव्हे, हेही सांगितले पाहिजे. देणे देता देता तो तिच्या अंगाला एक वास लावून ठेवतो, इतर नरांनी दूर राहावे म्हणून. तो वास मिथाइल सॅलिसिलेटचा. दुखऱ्या गुडघ्यांना चोळायच्या मलमाला येतो तोच. आमच्या घरात रोज रात्री तो दरवळत असतो! या विनोदावर मी एकटाच हसलो.

"म्हणजे यांच्यात हुंडा मुलाकडचे देतात," ती म्हणाली.

आमचे लग्न १९७२ सालचे. हुंडाबंदीचा कायदा होऊन तेव्हा ११ वर्षे झाली होती. माझे वडील कायदा पाळणारे. त्यांनी 'हुंडा' हा शब्द तोंडातून काढला नाही. 'रीतभात' म्हणाले. दोन हजार रुपये आणि जावयाला मनगटी घड्याळ. त्यासाठी सासऱ्यांनी घरामागचा चार कलमांचा तुकडा विकला, हे मला फार पुढे मेहुण्याकडून कळले. बोलणी चालली असताना मी खाली मान घालून बसलो होतो, आणि मुलगा किती विनयशील म्हणून मंडळी माझे कौतुक करीत होती. या विषयावर ती कधी बोलली नाही. मीही नाही.

थवा एकदम उडाला आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसला.

"किती वाजले हो?" तिने विचारले.

मी बाही खाली ओढली. "बंद पडलंय," म्हणालो.

"सकाळीच तर चावी दिलीत," असे म्हणून ती पुन्हा फुलपाखरे बघू लागली.