मामांची केवायसी

खलनायक म्हणून मामा हे नाते आपल्याकडे फार जुने आहे. कंस मामाच होता, शकुनीही मामाच होता. कुणी कुणाला फसवले तरी आपण 'त्याला मामा बनवलं' असेच म्हणतो. 'काका बनवलं' असे म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. तेव्हा आल्फ्रेड हिचकॉक नावाच्या साहेबाने १९४३ साली एका भयंकर मामावर चित्रपट काढला याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्या मामाच्या मेहुण्याचे. कारण तो माझ्यासारखाच बँकेत नोकरीला आहे.

चित्रपटाचे नाव 'शॅडो ऑफ अ डाउट'. म्हणजे संशयाची सावली. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा या शांत गावी न्यूटन कुटुंब राहते. वडील बँकेत, आई घरात, मुले तीन. थोरली मुलगी घरातल्या रटाळपणाला कंटाळलेली आहे. (बाप बँकेत असला की हे व्हायचेच.) चार्लीमामा आले तर घराला जरा जान येईल म्हणून ती त्यांना तार करायला जाते, तो मामांचीच तार आलेली, की मी येतोय! मामा ज्या गाडीने येतात तिचे इंजिन असा काळाकुट्ट धूर ओकते की प्रेक्षक काय ते समजतो. घरातले समजत नाहीत. कारण मामा दिसतात छान, बोलतात छान आणि भेटीही छान आणतात. मेहुण्याला मनगटी घड्याळ, भाचीला पाचूची अंगठी. अंगठीच्या आत मात्र भलत्याच कुणाची तरी आद्याक्षरे कोरलेली! मामांचा खरा उद्योग म्हणजे श्रीमंत विधवांशी ओळख वाढवायची आणि नंतर त्यांचा गळा दाबायचा.

हेच मामा मेहुण्याच्या बँकेत जातात, अपहारावर मोठमोठ्याने विनोद करतात आणि चाळीस हजार डॉलर खात्यात भरतात. हे दृश्य मी तीन वेळा मागे नेऊन पाहिले. नवा गिऱ्हाईक, एवढी रक्कम, आणि पैसा आला कुठून हे एकाही माणसाने विचारू नये? आमच्याकडे रिझर्व्ह बँकेने २००२ मध्ये केवायसीचा दंडक घातला. तेव्हापासून 'आपला गिऱ्हाईक ओळखा' या मंत्राचा जप करत आम्ही सख्ख्या शेजाऱ्याकडूनही फोटो आणि पत्त्याचा पुरावा घेतो. सांता रोझाला केवायसी असती तर चित्रपट मध्यंतराच्या आतच संपला असता.

त्याहून गंमत म्हणजे या बँकवाल्या न्यूटनला रहस्यकथांचा नाद. शेजारचा एक गृहस्थ रोज येतो आणि दोघे मिळून, पकडले न जाता खून कसा करावा यावर चवीने चर्चा करतात. खरा खुनी आत बसून त्यांचाच पेपर वाचतोय, याचा दोघांना पत्ता नाही. मी हिला म्हटले, "बघ, असा गाफील माणूस आमच्या ब्रँचला एक दिवस टिकणार नाही."

हे मी शनिवारी म्हणालो. मंगळवारी आईला फोन आला. "ताई, मी येतोय."

फोन मामांचा होता. माझ्या सख्ख्या मामांचा. आजोबा गेल्यावर जमिनीवरून काहीतरी बोलाबोली झाली आणि येणेजाणे तुटले, त्याला वीस वर्षे होऊन गेली. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचे नाव निघाले की आई भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी. आता हे गृहस्थ अचानक का येताहेत? केवायसीच्या भाषेत सांगायचे तर बंद पडलेले खाते एकाएकी चालू झाले होते.

मामा आले. हातात कापडी पिशवी, तिला सुतळीची गाठ. आमसुले आणली, कुळथाचे पीठ आणले. मग खिशातून पुडी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "तुझ्या आजोबांचं. चालत नाही, पण असू दे."

मनगटी घड्याळ! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आत जाऊन मी ते उलटेसुलटे करून आद्याक्षरे शोधली. कंपनीच्या नावाखेरीज काही सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी पेपराचे मधले पान गायब. चार्लीमामाही आपली बातमी आलेले पान पोरांना कागदाचे घर करून देण्याच्या मिषाने फाडून घेतो! त्यातून मामा ती पिशवी क्षणभर सोडीनात. झोपताना उशाशी, जेवताना मांडीशी. तिसऱ्या दिवशी तर मी चहा घेत असताना त्यांचे शब्द कानावर पडले, "ताई, जाण्याआधी तुझी एक सही लागेल हो मला."

सही! बँकेत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला हा शब्द झोपेतही ऐकू येतो. बहिणींच्या सह्या कशाला लागतात हे मी काउंटरवर खूप ऐकले आहे. हक्कसोडपत्र! मुलीला वडिलांच्या मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती २००५ मध्ये झाली, पण भाऊ चार दिवस गोड बोलला की बहीण तो कागदावर सोडून मोकळी होते. मी हिला म्हटले, "डाव कळला. मामा आपल्याला मामा बनवताहेत."

"अहो, ते मामा आहेत, थकलेले कर्जदार नाहीत," ही म्हणाली.

एव्हाना आईचे वेगळेच चालले होते. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसून भाजी निवडणारी आई ओट्याशी उभी राहून सांदणे करत होती. रात्री अकरापर्यंत दोघे कुठल्याशा विहिरीबद्दल, एका मारक्या म्हशीबद्दल बोलत होते. आई मोठ्याने हसली तेव्हा नात दचकून उठली. तिने आजीचे ते हसणे कधी ऐकलेलेच नव्हते. आईला 'ताई' म्हणणारे या जगात आता हेच एक माणूस उरले होते. त्या चित्रपटातही भाऊ जायला निघतो म्हटल्यावर बहीण चार पाहुण्यांदेखत रडू लागते. बाई संसारात पडली की आपण पूर्वी कोण होतो हेच विसरते, अशा अर्थाचे काहीतरी बोलते. मी ते दृश्य पुढे ढकलले होते. त्यात बँक नव्हती.

चौथ्या दिवशी मामा आंघोळीला गेले आणि मी पिशवीची गाठ सोडली.

गायब झालेले पान आधी सापडले. त्यात मामांची जादा कवळी गुंडाळलेली होती. तिच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत कागद. हात थरथरत होते, पण कागद वाचायची सवय पक्की. तो तलाठ्याकडे करायचा अर्ज होता. वडिलांच्या पश्चात वारस नोंदीतून राहून गेलेले माझ्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लावावे, माझी हरकत नाही. खाली मामांची सही. तिच्या शेजारी आईच्या सहीसाठी पेन्सिलीने बारीक फुली. फुलीसमोर 'ताई' असे लिहिलेले.

मी कागद जसेच्या तसे ठेवले, गाठ मारली आणि बाहेर येऊन पेपर उघडला. मधले पान नव्हतेच, तरी बराच वेळ तेच वाचत बसलो.

आईने सही केली. हात कापत होता म्हणून दोनदा केली. पहिली माझ्याकडे पडताळायला आली असती तर मी ती नमुन्याशी जुळत नाही म्हणून परत केली असती.

निघताना मामांना सोडायला मी ठाणे स्टेशनवर गेलो. चित्रपटात चार्लीमामाचा शेवट रेल्वेखालीच होतो, आणि गाव त्याला सज्जन समजून थाटात निरोप देते. भाचीला सगळे ठाऊक असते, पण आईचे मन मोडेल म्हणून ती गप्प राहते. इथे गाडी वेळेवर आली, तिने धूर सोडला नाही. मी पिशवी वर दिली. मामा खिडकीशी बसले आणि पिशवीची गाठ चाचपून म्हणाले, "मी डावखुरा ना रे. माझी गाठ उलटी बसते. ही सुलटी आहे."

मला काही बोलता येईना.

"वाचलास ना नीट? बरं झालं. तू बँकेतला, काही चुकलं असतं तर तुला कळलं असतं." गाडी हलली तसे ते वाकून म्हणाले, "ताईला मात्र सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

घरी आलो. आईने विचारले, "नीट बसला ना रे तो गाडीत?"

"बसला," मी म्हणालो.

आजोबांचे घड्याळ दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला दिले. दुकानदाराने पावतीवर लिहायला विचारले, "कुणाचं घड्याळ?" मी म्हटले, "मामांनी दिलेलं." त्याने पुढे काहीच विचारले नाही.