शेतीतल्या जुन्या बक्षिसांचा माग

कल्याण तालुक्यातल्या भातशेतकऱ्याला मिळालेले चांदीचे पदक किंवा ताम्रपट वारसांच्या कपाटात अनेकदा नाव-गाव नसल्यासारखा पडून असतो. मागची बाजू आणि कड भिंगाखाली पाहिली की वर्ष, पिकाचे नाव किंवा बक्षीस देणाऱ्याचे नाव सापडू शकते. कोरलेले नाव इंग्रजीत असेल तर स्पेलिंगवर फार विसंबू नये. गाव आणि बापाचे नाव जुळणे महत्त्वाचे.

अशी बक्षिसे देणाऱ्या पीक स्पर्धेत ठरावीक मापाच्या तुकड्यातले भात समितीसमोर कापून, झोडून, तोलले जाई. वजनाचा कागद सापडला तर तो पदकाहूनही बोलका.

डोंबिवलीच्या आसपास शेत कुठे होते हे आज इमारतींमुळे डोळ्यांना कळत नाही. तिथे सातबारा आणि फेरफार उपयोगी पडतात. ठाणे जिल्ह्याचे जुने अभिलेख स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर ठेवले आहेत. पालघर जिल्हा 2014 साली ठाण्यापासून वेगळा झाला, त्यामुळे वाडा-जव्हारकडचे पूर्वज तिथल्या नोंदींत शोधावेत. छापील उल्लेखांसाठी 1864चे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय, 1893चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि कृषी खात्याच्या ‘शेतकरी’ मासिकाचे 1965पासूनचे अंक चाळावेत. कृषिभूषणसारखे राज्य पुरस्कार पुष्कळ नंतरचे, त्यामुळे आजोबांच्या पदकाला ते नाव चिकटवण्याची घाई नको.

पदकाला मात्र पॉलिश करू नये; घासण्याने कोरीव अक्षरे झिजतात.