परतीची गाडी किती वाजता?

ऊर्जानगर, चंद्रपूर

प्रिय नीलू,

'एकटी त्या जंगलात फिरतेस, वाघाची भीती नाही वाटत?' हे तुझं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिला कळव, वाघासाठी जंगलात जावं लागत नाही. खरंच आहे गं. फेब्रुवारी 2022 मध्ये इथल्या वीज केंद्राच्या आवारात कामगाराला वाघानं नेलं आणि लगोलग दुर्गापुरात बिबट्यानं एका पोराला. ताडोबाच्या पद्मापूर गेटचा रस्ता आपल्या दारावरून जातो, हे मेलबर्नला जाऊन विसरलीस वाटतं! अंधार पडल्यावर कॉलनीत दूध आणायला जाताना मी जितकी मागंपुढं बघते, तितकी भामरागडच्या चौकात बघत नाही.

माझा घोर निराळाच असतो. कुठल्याही गावात उतरले की पहिला प्रश्न कंडक्टरला: परतीची गाडी किती वाजता? ती हुकली की सगळं गणित बसलं बोंबलत.

तुला माझं काम कधी धड सांगितलंच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसी ठेवायचे फ्रीज असतात, ते मी दुरुस्त करते. आयएलआर म्हणतात त्याला. पेटीसारखा, झाकण वर उघडणारा. आतून बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळं लाइट गेली तरी काही तास थंडावा टिकतो. तापमान 2 ते 8 अंशांतच हवं. लोकांना वाटतं लस फक्त उन्हानं बिघडते, पण पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस बी गोठली तरी फेकावीच लागते. बाहेर मे महिन्याचा चंद्रपुरी उन्हाळा आणि आत थर्मोस्टॅट बिघडल्यामुळं गोठून बसलेली लस, असंही पाहिलंय मी. बऱ्याचदा फ्रीजचा दोष नसतोच. स्टॅबिलायझरचं झाकण काढावं, तर आत भाजून चिकटलेली पाल. किंवा रिलेत मुंग्यांची वसाहत. पालीला चिमट्यानं काढायचं, कॉन्टॅक्ट घासायचे, आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत श्वास रोखून बसायचं. भिंतीवरच्या तक्त्यावर सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं असतं. महिनाभर एकाच शाईत, एकाच हातानं '4' लिहिलेला दिसला की मी काय ते समजते, बोलत नाही. परत त्याच गावी जायचं असतं ना.

बाबांची अख्खी नोकरी इथल्या कोल हँडलिंगमध्ये गेली. 2920 मेगावॉटचं केंद्र उशाशी, आणि त्यांची लेक पिशवी घेऊन निघते ती लाइट नसलेल्या गावांकडं.

बसमध्ये एकटेपणा लाभू देत नाहीत, एवढीच माझी तक्रार. 'कुठी जाऊन राह्यल्या मॅडम? एकट्याच? घरचे काहून नाही आले?' इथपासून सुरू होतं ते लग्नापर्यंत जातं. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून निम्मी गाडी आमचीच. (प्रवास बिलही अर्धंच होतं, पण ते राहू दे.) आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की भाषा बदलायला लागतात. मुलचेऱ्याकडं बंगाली, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तिथं वसवलं होतं. सिरोंच्यात तेलुगू, एटापल्ली-भामरागडला माडिया. एकाच जिल्ह्यात 'फ्रीज बंद पडलाय' हे मी चार भाषांत ऐकलंय, आणि चारही भाषांत फ्रीजला 'फ्रीज'च म्हणतात.

मुक्कामाचं मात्र अवघड. एका तालुक्याच्या गावी लॉजवाल्यानं रजिस्टर मिटून सांगितलं, एकट्या लेडीजला रूम देत नाही. खोल्या रिकाम्या होत्या, किल्ल्या समोर लटकत होत्या. मी वाद घातला नाही. केंद्रावरच्या सिस्टरला फोन केला, तिनं क्वार्टरमध्ये गादी टाकली. तेव्हापासून लॉज शोधतच नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, त्यामुळं या सिस्टर लोकांच्या घरात पावसाळ्यापूर्वीच डाळ-तांदूळ भरून ठेवलेले असतात. 'खाऊन निघा ताई' म्हणताना कुणी हात आखडत नाही. तांदूळ हटकून एचएमटी. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेलं हे वाण. नाव घड्याळावरून दिलं. 2018 साली ते गेले. तुमच्या इंडियन स्टोअरमध्ये हा तांदूळ मिळतो का गं?

आणि मी ज्या गाडीसाठी एवढा जीव टाकते, ती गाडी काही गावांना ठाऊकच नव्हती. अहेरीहून गर्देवाड्याला पहिली एसटी गेली ती 1 जानेवारी 2025 ला. स्वातंत्र्यानंतरची 77 वर्षं लोक पायी किंवा सायकलवर, आजारी माणूस खाटेवर. हे ऐकल्यापासून बस तासभर उशिरा आली तरी मी कंडक्टरवर तोंड टाकत नाही.

डिसेंबरात येणार म्हणतेस, तर नुसतं ताडोबा करून पळू नकोस. गोंदियाच्या गाडीनं वडशाला जाऊ. दिवाळीनंतर तिथून झाडीपट्टीची नाटकं सुटतात, जवळच्या कुठल्या तरी गावात बैलांचा शंकरपट असेल तिथं रात्री तंबू लागलेलाच. दहाला पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत, म्हणजे मुक्कामाचा प्रश्नच मिटला. थंडी मरणाची असते पण. शाल तुझी तू आण, माझी मी देणार नाही.

तुझी,
शोभा